पिंजऱ्याच्या आधी : बिबट्या आणि शिवारातल्या इतर वन्यप्राण्यांविषयी वाचकांचे प्रश्न

ऊसतोड सुरू झाली आणि उन्हाळ कांद्याला रात्रीचे पाणी देण्याचे दिवस आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय आपोआप बदलतो. या खेपेला निफाड, सिन्नर, दिंडोरी, येवला, त्र्यंबकेश्वर आणि नाशिक शहरातून आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत पिंजऱ्याची मागणी आहे, म्हणून सुरुवातही तेथूनच केली आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या शिवारात दिवाळीपासून बिबट्याचा वावर आहे. वस्तीवरची दोन कुत्री आणि शेजाऱ्यांची एक शेळी त्याने नेली. ग्रामसभेने पिंजऱ्याचा ठराव करून दिला, तर नुसता वावर दिसतो म्हणून पिंजरा लावता येत नाही, असे उत्तर मिळाले. माणूस गेल्यावरच पिंजरा येणार का? आणि धरलेला बिबट्या लांबच्या जंगलात सोडायला अडचण काय आहे?
(ऊस उत्पादक शेतकरी, निफाड तालुका)

उत्तर : आपला संताप समजण्यासारखा आहे. दारणाकाठच्या गावांनी २०१९-२० च्या सुमारास काही महिन्यांच्या अंतराने लहान मुले आणि वृद्ध माणसे गमावली, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना ‘बिबट्या सहसा माणसाच्या वाटेला जात नाही’ हे वाक्य ऐकवून चालत नाही, मग ते खरे का असेना. तरीही आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी द्यावी लागतील.

पहिले उत्तर कायद्याचे आहे. बिबट्या हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी असल्यामुळे त्याला पकडण्यासाठीसुद्धा राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते आणि प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक ठरला आहे किंवा बरा न होण्याइतका जायबंदी अथवा आजारी आहे, याबद्दल त्यांची खात्री पटावी लागते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०११ साली बिबट्यांविषयी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही केवळ दर्शन झाले म्हणून प्राणी पकडू नये असेच सांगितले आहे. माणसांवर हल्ले होऊ लागले, प्राणी दिवसाढवळ्या घरांच्या आसपास घुटमळू लागला किंवा माणसाला पाहूनही हटेनासा झाला, तर पिंजरा लावलाच पाहिजे आणि त्यात दिरंगाई होता कामा नये. त्या वेळी गावाने ठरावावर न थांबता पाठपुरावा करावा, असेच आम्ही सांगू. आपल्या पत्रातील प्रकार अद्याप तेथवर गेलेला नाही.

दुसरे उत्तर अनुभवाचे आहे आणि ते आपल्याच शेजारी, जुन्नर वनविभागात मिळालेले आहे. तेथे २००१ नंतर मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडच्या जंगलांत सोडण्यात आले. १९९३ ते २००१ या काळात त्या भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, ते २००१ ते २००३ मध्ये वर्षाला सरासरी १७ पर्यंत गेले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सगळा हिशेब २०११ साली प्रसिद्ध केला, तेव्हा ज्या जंगलांत हे बिबटे सोडले होते त्यांच्या आसपासही हल्ले झाल्याचे दिसून आले. असे का होते, याचे उत्तर बिबट्याच्या राहणीत आहे. प्रत्येक प्रौढ बिबट्याचा स्वतःचा टापू असतो. कोणत्या वस्तीवर कुत्रा मोकळा आहे, कोणत्या बांधावरून माणसे कधी जातात आणि कोठे दबून राहावे हे त्याला ठाऊक असते, आणि त्या माहितीच्या बळावरच तो आपल्या नजरेस न पडता वर्षानुवर्षे राहतो. त्याला उचलले की टापू रिकामा होतो आणि तेथे बहुधा नुकतीच आईपासून सुटलेली तरणी, अननुभवी जनावरे शिरतात. उचललेला बिबट्या मात्र पिंजऱ्यात दात-नखे मोडून घेऊन, माणसाची दहशत बसलेल्या अवस्थेत एका अनोळखी मुलखात जाऊन पडतो व तेथून परतीची वाट धरतो. नगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे २००९ साली विहिरीत पडलेल्या एका नर बिबट्याला गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले होते, तर तो शंभराहून अधिक किलोमीटर चालून थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला आणि वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. आपण ‘लांबचे जंगल’ म्हणता ते बिबट्याच्या पायांना फारसे लांब नसते.

आणखी एक गोष्ट बहुतेक ठरावांत नसते. पिंजऱ्यात शेळी किंवा कोंबड्या ठेवल्या की त्या वाटेने जाणारा कोणताही बिबट्या आत शिरतो. ज्याने शेळी नेली तोच सापडेल याची काहीच शाश्वती नसते. माणसावरील हल्ल्यानंतर लाळेच्या नमुन्यांवरून डीएनए तपासणी करून नेमका प्राणी ओळखता येतो, पण एका शेळीसाठी तेवढे कोणी करत नाही. परिणामी पिंजऱ्यासोबत फोटो निघतात, गाव निर्धास्त होते, कुत्री पुन्हा अंगणात मोकळी झोपतात आणि काही आठवड्यांनी नव्या ठशांची बातमी येते.

सिन्नर आणि इगतपुरीला लागून असलेल्या अकोले तालुक्यात अत्रेय यांच्याच गटाने कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासात (२०१३) शेतीच्या दाट वस्तीच्या खोऱ्यात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले, तरी तेथे माणसांवरील हल्ले विरळा होते. त्या बिबट्यांच्या विष्ठेच्या तपासणीत त्यांच्या आहाराचा ८७ टक्के भाग पाळीव व गावठाणातल्या प्राण्यांचा निघाला आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. म्हणजे आपल्या शिवारातला बिबट्या जंगलातून वाट चुकून आलेला नाही. तो उसात जन्मला असण्याचीच शक्यता अधिक आहे आणि त्याला तेथे धरून ठेवणारी गोष्ट आपल्या वस्तीवर आहे. कुत्री रात्री बंद जागेत घेणे, मेलेल्या कोंबड्या-वासरे बांधाच्या कडेला न फेकता खोल पुरणे आणि घराभोवतीच्या पट्ट्यात ऊस किंवा मका न लावता कांदा, गहू, हरभरा यांसारखे बुटके पीक घेणे, ही तीन कामे ग्रामसभेने ठरावात घातली तर त्या ठरावाला पिंजऱ्याच्या ठरावापेक्षा जास्त अर्थ येईल.

प्रश्न : आमची वस्ती मळ्यात एकटी आहे. सहा शेळ्या, दोन गाई, घरात दोन लहान मुले. गोठा पत्र्याचा आहे, समोरून उघडा आहे. बल्ब रात्रभर चालू ठेवतो. एवढे पुरेसे आहे का? मुलांच्या बाबतीत काय जपावे?
(शेतकरी गृहिणी, सिन्नर तालुका)

उत्तर : बल्बने आपल्याला दिसते, बिबट्याला अडत नाही. गोठ्याची खरी कसोटी अशी, की कुलूप लावून आपण बाहेर उभे राहिलो तर आपले डोके आत जाईल एवढी फट कोठे उरते का, हे चारही बाजूंनी आणि वरूनही पाहावे. बिबट्या उडी मारणारे आणि चढणारे जनावर असल्यामुळे कमरेइतक्या किंवा पुरुषभर उंचीच्या कुडाचा उपयोग होत नाही. जाळी जमिनीपासून छतापर्यंत गेली पाहिजे, आणि पत्रा व भिंत यांच्यामध्ये वाऱ्यासाठी जी मोकळी पट्टी सोडलेली असते तीही जाळीने बंद केली पाहिजे. शेळ्यांसाठी लोखंडी अँगल आणि साखळी जाळी वापरून केलेली खोली सर्वांत चांगली. कोंबड्यांची बारीक जाळी वापरू नये, ती पंजाने फाटते. जाळीचा खालचा काठ कोब्यात किंवा दगडमातीत वीतभर गाडावा. दाराला नुसती कडी न ठेवता खालीही खिटी ठेवावी, कारण दार खालून ढकलले गेले की वरची कडी शाबूत राहूनही कोपरा उघडतो.

हा खर्च करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. अर्धवट बंद गोठा हा उघड्या गोठ्याहून जास्त घातक ठरतो. शेळ्यांच्या बंद खोलीत बिबट्या कसाबसा शिरला आणि त्याला बाहेर पडता आले नाही, तर समोर धावाधाव करणारी एकेक शेळी तो मारत सुटतो. ‘एका रात्रीत पंधरा शेळ्या’ अशा ज्या बातम्या आपण वाचतो, त्या बहुधा अशाच गोठ्यांच्या असतात. सर्व फटी बुजवता येत नसतील, तर गाई-म्हशी उघड्या ठेवून निदान शेळ्या, वासरे आणि कुत्रा घराला लागून असलेल्या पक्क्या खोलीत घ्यावेत. मोठी गाय-म्हैस सहसा बिबट्याच्या आवाक्याबाहेरची असते.

मुलांच्या बाबतीत वेळ आणि उंची या दोन गोष्टी जपाव्यात. दिवस मावळल्यापासून जेवणे होईपर्यंतचा काळ सर्वांत जोखमीचा असतो, कारण घरातली मोठी माणसे धारा काढण्यात व स्वयंपाकात गुंतलेली असतात आणि मुले ओट्यावर किंवा अंगणाच्या कडेला खेळत असतात. उभ्या मोठ्या माणसाला बिबट्या टाळतो. बसलेले, वाकलेले किंवा लहान चणीचे माणूस त्याला भक्ष्यासारखे वाटते. म्हणून शौचाला उघड्यावर जाणे, अंधारात भांडी घासायला बसणे आणि अंगणात खाली झोपणे या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. शौचालय असेल तर घरापासून तेथपर्यंतच्या वाटेच्या दोन्ही बाजूंचे गवत कापून घ्यावे आणि मुलांना एकटे पाठवू नये. शाळेची वाट उसातून जात असेल तर मुलांनी घोळक्याने, मोठ्याने बोलत जावे. हे सगळे सासू-सुनांनी आधीच सांगून ठेवलेले असते, याची आम्हाला कल्पना आहे. फक्त ते बिबट्या दिसल्यानंतरचे आठ दिवस पाळले जाते आणि नंतर सैल पडते.

प्रश्न : कृषिपंपाला आठवड्यातले काही दिवस वीज रात्रीच मिळते. दोन वाजता दारे धरायला एकट्याने जावे लागते. सोबत फटाके ठेवावेत का? कोयता बाळगला तर गुन्हा होतो का?
(कांदा उत्पादक, दिंडोरी तालुका)

उत्तर : कोयता किंवा काठी बाळगण्यात गुन्हा नाही. अंगावर आलेल्या प्राण्याला जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने मारावे लागले, तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कलम ११ नुसार तो अपराध ठरत नाही. मात्र पळणाऱ्या किंवा अडकलेल्या प्राण्याचा पाठलाग करून मारणे स्वसंरक्षणात बसत नाही आणि त्याला किमान ३ वर्षांची कैद आहे. मेलेल्या प्राण्याचे कातडे, नखे, मिशा, सगळे सरकारच्या मालकीचे असते, हेही ध्यानात ठेवावे.

फटाक्यांचा उपयोग एखाद-दोन वेळा होतो आणि मग जनावर सरावते. त्यापेक्षा माणूस येत आहे हे त्याला दुरूनच कळावे, हा उद्देश ठेवावा. दोघांनी जावे, विजेरी जमिनीवर न रोखता समोर व बाजूंना फिरवत चालावे, मोबाइलवर गाणी किंवा कीर्तन मोठ्याने लावावे, आणि काठीने बांध आपटत जावे. दारे मोडताना खाली वाकावे लागते, तोच धोक्याचा क्षण असतो. त्या वेळी दुसऱ्याने उभे राहून उजेड धरावा. बिबट्या समोर आलाच तर पळू नये, पाठ फिरवू नये, खाली बसू नये. हात वर करून आकाराने मोठे दिसावे, ओरडावे आणि त्याला जायला वाट मोकळी ठेवून हळूहळू मागे सरकावे.

परंतु या सगळ्या सूचना देताना आम्हाला बरे वाटत नाही, कारण शेतकऱ्याने रात्री दोन वाजता उसाच्या कडेने एकटे जावे अशी व्यवस्था ज्यांनी केली त्यांनी ती बदलण्याऐवजी शेतकऱ्यालाच सावध राहायला सांगण्यासारखे हे होते. बिबट्याप्रवण गावांना कृषिपंपांसाठी दिवसा वीज देणे हा या संघर्षावरचा सर्वांत थेट उपाय आहे आणि तो वनविभागाच्या हातात नाही. २०१७ पासून राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू आहे आणि तिचा उद्देशच शेतीला दिवसा वीज मिळावी हा आहे. आपले फीडर (गावाच्या पंपांना वीज देणारी वाहिनी) तिच्यावर आले आहे का, नसेल तर कधी येणार, हे ग्रामपंचायतीने वीज कंपनीला लेखी विचारावे आणि अर्जात बिबट्याच्या घटनांच्या तारखा जोडाव्यात. तोपर्यंत वीज येताच पंप आपोआप सुरू करणारा ऑटो स्टार्टर आणि ठिबक यांवरचा खर्च पाण्याच्या बचतीत धरण्याबरोबरच जिवाच्या जोखमीतही धरावा, म्हणजे तो महाग वाटणार नाही.

प्रश्न : ऊसतोड चालू असताना फडात बिबट्याची तीन पिल्ले सापडली. टोळीने काम थांबवले, पण पोरांनी पिल्ले उचलून घरी आणली आणि दिवसभर फोटो काढले. पुढच्या वेळी काय करावे? मादी सूड घेते, असे लोक म्हणतात, ते खरे आहे का?
(निफाड तालुका)

उत्तर : सूड वगैरे काही नसते, पण पिल्ले हरवलेली मादी त्याच फडाच्या आसपास रात्रभर फिरत व हाका मारत राहते आणि त्या अवस्थेत ती माणसाला टाळण्याची नेहमीची सावधगिरी बाळगत नाही. म्हणून पिल्ले घरी नेण्याने गावाचा धोका वाढतो. पिल्ले अनाथ झाल्यास जन्मभर पिंजऱ्यात राहतात, ते वेगळेच.

पाचटात पिल्ले दिसली की त्या भागातली तोड तेवढ्यापुरती थांबवावी, माणसे लांब न्यावीत आणि वनविभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे. आधी ती पिल्ले बिबट्याचीच आहेत का, हेही पाहिले जाते, कारण दरवर्षी रानमांजराची पिल्लेही बिबट्याची म्हणून कळवली जातात. बिबट्याच्या पिल्लाच्या अंगभर ठिपके दाटीने असतात आणि शेपूट अंगाच्या मानाने लांब असते, तर रानमांजराची शेपूट आखूड असून तिच्या टोकाकडे काळी वळी दिसतात. पिल्ले उचललीच गेली असतील तर पशुवैद्यक त्यांची तपासणी करतात आणि संध्याकाळ होताच ती सापडलेल्या जागी परत ठेवली जातात. त्यासाठी आपल्याकडे टोमॅटोला वापरतात तसला प्लास्टिकचा कॅरेटही पुरतो. कॅरेटच्या तळाशी त्याच फडातले पाचट पसरतात, पिल्ले बाहेर सरपटू नयेत पण मादीला कॅरेट सहज लवंडता यावा अशा बेताने तो ठेवतात आणि थोड्या अंतरावर आपोआप छायाचित्र घेणारा कॅमेरा लावून सगळी माणसे निघून जातात. मादी बहुधा अंधार पडल्यावर येते, आधी भोवती फेरी मारते, मग पंजाने कॅरेट आडवा करते आणि मानेला धरून एकेक पिल्लू नेते. दोन पिल्लांच्या मध्ये कधी कधी तासाभराचे अंतर पडते. पहिल्या रात्री ती आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा प्रयत्न करतात. यात गावाचे काम एकच, आणि तेच सर्वांत अवघड असते. त्या रात्री त्या बांधाकडे कोणीही, मोबाइल घेऊन तर मुळीच, फिरकू नये.

तोड लावतानाही थोडा विचार करावा. चहूबाजूंनी एकाच वेळी तोडत आत गेले की मधल्या उरलेल्या पट्ट्यात जनावर कोंडले जाते आणि शेवटच्या दिवशी ते टोळीच्या अंगावरून बाहेर पडते. एका बाजूने सुरुवात करून नदी, ओढा किंवा दुसरा उभा ऊस असेल ती बाजू मोकळी ठेवावी. टोळीतल्या बायका तान्ह्या मुलांना फडाच्या कडेला झोळीत ठेवतात किंवा जमिनीवर निजवतात. त्यांच्याजवळ एक मोठे माणूस दिवसभर बसवण्याची जबाबदारी मुकादमावर न टाकता शेतमालकाने घ्यावी, असे आमचे मत आहे.

प्रश्न : गंगापूर रोडवरील आमच्या सोसायटीच्या कॅमेऱ्यात पहाटे बिबट्या दिसला. व्हॉट्सॲपवर ती चित्रफीत फिरली आणि दुसऱ्या दिवशी दोनशे माणसे जमली. शहरात बिबटे कोठून येतात? आम्ही काय करावे?
(नाशिक)

उत्तर : गंगापूर धरणाचा परिसर, पांडवलेणीचे डोंगर, देवळालीकडील मोकळ्या लष्करी जमिनी आणि त्यांना शहराशी जोडणारे गोदावरी, दारणा, नासर्डी यांचे काठ व नाले, असा हा त्यांचा जुना रस्ता आहे. त्या रस्त्यावर आता इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि इमारतींमागे कचरा व कचऱ्यामागे भटकी कुत्री आली आहेत. पहाटे येऊन उजाडण्याआधी जाणारा बिबट्या बहुधा कोणाला कळतही नाही. प्रश्न तो उजाडेपर्यंत अडकून राहिला की सुरू होतो.

जानेवारी २०१९ मध्ये सावरकरनगर भागात शिरलेल्या बिबट्याने अनेकांना जखमी केले, त्यांत वार्तांकनासाठी आलेले पत्रकारही होते. घरे, कंपाउंड आणि त्यांच्यामध्ये माणसांच्या भिंती अशा स्थितीत प्राण्याला कोणत्याही दिशेने जायचे तर माणसावरूनच जावे लागते. बेशुद्धीचे इंजेक्शन लागल्यावरही औषध चढायला काही मिनिटे जातात, आणि त्या मिनिटांत गोंगाटाने बिथरलेला बिबट्या अधिक जोराने धावतो. सिनेमात दिसते तसा तो जागच्या जागी कोसळत नाही. म्हणून बिबट्या दिवसा कोठे दबून बसल्याचे कळले तर दारे-खिडक्या लावून घरात राहणे, १९२६ किंवा ११२ वर कळवणे आणि चित्रफीत पुढे न पाठवणे, एवढेच सोसायटीचे काम आहे. गर्दी हटवणे हे पोलिसांचे काम असून, आवश्यक तेथे जमावबंदीचा आदेश काढण्याची तरतूद त्यांनी वापरावी. पुष्कळदा उत्तम मार्ग हा असतो की परिसर शांत ठेवून अंधार होऊ द्यावा आणि त्याला आल्या वाटेने जाऊ द्यावे. पण दोनशे प्रेक्षक आणि थेट प्रक्षेपण चालू असताना हा निर्णय घेण्याचे धैर्य कोणताही अधिकारी सहसा दाखवू शकत नाही.

बाकी वर्षभराचे काम कचऱ्याचे आहे. हॉटेलांचे व मटणाच्या दुकानांचे टाकाऊ नाल्यात पडणे थांबले, सोसायटीच्या मागच्या भिंतीशी कुत्र्यांना उरलेसुरले घालणे बंद झाले आणि महापालिकेने भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचे काम नेटाने चालवले, तर बिबट्याला शहरात येण्याचे कारण पुष्कळच कमी होईल.

प्रश्न : बिबट्याने कालवड मारली. पंचनाम्याला कोणी येईना म्हणून आम्ही ती पुरून टाकली. आता भरपाई मिळणार नाही म्हणतात. नियम काय आहे?
(सिन्नर तालुका)

उत्तर : घटना घडल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या वन कर्मचाऱ्याला कळवणे आणि पंचनामा होईपर्यंत मृत जनावर न हलवणे, या दोन मुख्य अटी आहेत. कळवल्याचा पुरावा आपल्या हातात असावा, म्हणून फोनबरोबरच १९२६ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, आणि जनावराची, मानेवरील दातांच्या खुणांची व पायांच्या ठशांची तारीख-वेळेसह छायाचित्रे काढावीत. ठशाशेजारी काडेपेटी किंवा नाणे ठेवून छायाचित्र घेतले तर मापाचा अंदाज येतो. आपल्याकडे असे काही असेल, आणि सरपंच, पोलीस पाटील किंवा पशुवैद्यक यांनी मृत जनावर पाहिले असेल, तर त्यांच्या लेखी निवेदनासह वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे अर्ज जरूर करावा. न मागता सोडून देऊ नये. भरपाई ही राज्याच्या सेवा हमी कायद्याखाली अधिसूचित सेवांपैकी असल्यामुळे अर्जावर मुदतीत निर्णय झाला नाही तर अपील करता येते.

गाय, म्हैस व बैल यांच्यासाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये, आणि शेळी-मेंढीसाठी ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी ती मिळते. माणसाचा मृत्यू झाल्यास २५ लाख, कायमचे अपंगत्व आल्यास साडेसात लाख आणि गंभीर इजा झाल्यास ५ लाख रुपये, अशी तरतूद आहे. पिकांच्या नुकसानीसाठी कळवण्याची मुदत तीन दिवसांची आहे.

राग येऊन मृत जनावरावर कीटकनाशक टाकण्याचे प्रकार घडतात. बिबट्या शिकारीकडे परत येतो हे खरे. पण त्या विषाने गावातली कुत्री, तरस आणि गिधाडेही मरतात, आणि भरपाईचा अर्ज करणारा स्वतःच आरोपी होतो.

जाता जाता, माणसाला बिबट्याची नखे किंवा दात लागले असतील तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद, तंबाखू किंवा चुना भरू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून रेबीजची लस व इम्युनोग्लोब्युलिन घ्यावे. कुत्री खाणाऱ्या प्राण्याच्या चाव्यानंतर ही लस टाळण्यात शहाणपण नाही.

प्रश्न : रानडुकरांनी मका लोळवला. रात्री कुंपणाच्या तारेत वीज सोडणारे आमच्याकडे बरेच आहेत. तसे करावे का? हरणांनाही ते लागू पडेल का?
(येवला तालुका)

उत्तर : मुळीच करू नये. थेट वाहिनीवरून घेतलेली वीज डुक्कर ओळखत नाही. पहाटे पाणी द्यायला गेलेला शेजारी किंवा घरचाच मुलगा त्या तारेला चिकटतो, आणि मग वीजचोरीपासून माणसाच्या मृत्यूला कारण होण्यापर्यंतचे गुन्हे दाखल होतात. सौर कुंपण वेगळे असते. त्यात थांबून थांबून क्षणभराचा झटका बसतो, प्राणी दचकून मागे हटतो, पण मरत नाही. त्याच्या तारांखालचे गवत मात्र वरचेवर कापावे लागते, नाहीतर वीज गवतातून जमिनीत उतरते आणि कुंपण नावापुरते उरते.

आपल्या तालुक्यातील काळविटांचा प्रश्न निराळा आहे. ममदापूर, राजापूर भागातील माळरान हा त्यांचा मूळचा मुलूख असून तेथे राखीव संवर्धन क्षेत्रही झाले आहे. ते पहिल्या अनुसूचीतील प्राणी असल्यामुळे त्यांना हाकलण्यापलीकडे काहीही करता येत नाही. पेरणीनंतर कोंब वर येण्याचे आठ-पंधरा दिवस आणि उन्हाळ्यात पाण्यासाठीची भटकंती, हे नुकसानीचे दोन काळ आहेत. पहिल्या काळात शेजारच्या शेतकऱ्यांनी पाळीपाळीने पहाट आणि संध्याकाळची राखण केली तर एकट्या कुंपणापेक्षा कमी खर्चात भागते. दुसऱ्या काळासाठी माळावरचे पाणवठे भरलेले ठेवण्याचा आग्रह ग्रामपंचायतीने धरावा, आणि आपल्या विहिरीला कठडा नसेल तर तो बांधून घ्यावा. उघड्या विहिरीत हरिण पडते, बिबट्या पडतो आणि कधी माणूसही.

प्रश्न : त्र्यंबकेश्वर आणि अंजनेरीच्या वाटेवर माकडे पिशव्या ओढतात, चावतातही. बंदोबस्त काय?
(नाशिक)

उत्तर : बंदोबस्त भाविकांचा आणि पर्यटकांचा करावा लागेल. गाडीच्या काचेतून केळी व बिस्किटे देणे बंद झाले की काही महिन्यांत माकडांचे धाडस ओसरते. तोपर्यंत हातात खाण्याची पिशवी दिसू देऊ नये, पिशवी पकडलीच तर ओढाताण न करता सोडून द्यावी, त्यांच्या डोळ्यांत रोखून पाहू नये, आणि चावा किंवा ओरखडा आलाच तर वर बिबट्याच्या जखमेसाठी सांगितलेलीच काळजी घ्यावी.